मुलाखतीत पत्ता विचारतात, तेव्हा नेमके काय विचारतात?

मुलाखतीची तयारी म्हटले की ताठ बसा, हसतमुख राहा, इस्त्रीचे कपडे घाला, दोन वाक्ये इंग्रजीत बोला, एवढेच सांगितले जाते. नर्सिंग असिस्टंटच्या नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलींनाही हेच शिकवतात. कपड्यांना आमचा विरोध नाही. पण ज्या टेबलासमोर ही मुलगी बसणार आहे, त्या टेबलावर तिच्या कामासोबत तिची जातही तपासली जाते. त्या तपासणीची तयारी कोण करून घेणार?

महालात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी अशा मुलींचा सराव घेतो. ज्या महालात संघाचे मुख्यालय आहे, त्याच महालात शिरसपेठ, इमामवाडा, रामबाग, कौशल्यायन नगर इथल्या मुली येऊन बसतात. बहुतेक बारावी झालेल्या. काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेल्या. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांत त्या मुलाखतीला जातात. परत आल्यावर आम्ही विचारतो, काय विचारले? उत्तरे जवळपास सारखीच असतात. पूर्ण नाव सांगा. राहता कुठे? वडील काय करतात? घरी कोण कोण आहे? नाडी किती असते, हे विचारल्याचे क्वचितच ऐकायला मिळते.

नागपुरात पत्ता सांगितला की जात कळते. त्यामुळे "राहता कुठे" हा प्रश्न नेहमीच साधा नसतो.

ही आमची मनाची शंका नाही. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की "आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो" असे म्हणणारेच उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारतात. पार्श्वभूमी हा जातीचा सभ्य शब्द आहे.

मुलाखतीत पक्षपात होतो, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून तर केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' अराजपत्रित, 'क' आणि 'ड' पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण जिथे मुलाखत बंद झाली तिथल्या जागा आटत चालल्या, आणि भरती जिथे होते तिथे ठेकेदार आणि खाजगी मालक बसले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण ठेक्याने माणसे घेण्याची पद्धत गेली नाही. ठेकेदाराकडे ना आरक्षण, ना बिंदुनामावली. तिथे मुलाखत घेणाऱ्याची मर्जी हाच नियम.

मग तयारी कशी करायची? आमच्या मते ती तीन गोष्टींची आहे.

पहिली, कामाचे ज्ञान इतके पक्के हवे की समोरच्याला पत्त्यावरून कामावर यावेच लागेल. मोठ्या माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, हे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेची बाटली निळ्यात. हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे. सलाइन संपत आले तर काय कराल, असे विचारले तर "सिस्टरला लगेच सांगेन, स्वतः बदलणार नाही" हे बरोबर उत्तर आहे. आपल्या कामाची हद्द माहीत असणे हेही ज्ञानच आहे. सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, बोट पिळायचे नाही, ताबडतोब कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे जमल्यास दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर उपयोग राहत नाही.

दुसरी गोष्ट, पार्श्वभूमीच्या प्रश्नाचे उत्तर. काही हितचिंतक सल्ला देतात, आडनाव लिहू नका, पत्ता मावशीचा द्या. आम्हाला हे मान्य नाही. लपवून मिळवलेली नोकरी रोज भीतीत काढावी लागते. आम्ही मुलींना सांगतो, एका वाक्यात खरे सांगा आणि पुढच्याच वाक्यात कामावर या. "वडील ऑटो चालवतात, आई घरकाम करते. मी सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतले आहे, वॉर्डात काम केले आहे, रात्रपाळी करू शकते." आवाज खाली नको, माफीचा सूर नको. हे वाक्य आरशासमोर वीस वेळा म्हणायला लावतो. सोपे वाटते, पण पहिल्या पाच वेळा बहुतेकींचा आवाज 'घरकाम' या शब्दावर अडखळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुलाखतीत आपणही प्रश्न विचारायचे. नियुक्तिपत्र मिळेल का? पगार दवाखाना देणार की ठेकेदार? प्रॉव्हिडंट फंड कापता का? २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचे कार्ड मिळेल का? हेपॅटायटिस बी ची लस दिली आहे का? (कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस देणे त्याच २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे.) आणि शेवटचा प्रश्न, माझ्या कामात नेमके काय काय येते?

हा शेवटचा प्रश्न का? आमच्या सरावातल्या एका मुलीला नर्सिंग असिस्टंट म्हणून घेतले आणि आठवड्याभरात फरशी पुसायला लावले. तिच्यासोबत लागलेल्या दुसऱ्या आडनावाच्या मुलीला काउंटरवर बसवले. प्रमाणपत्र दोघींचे सारखेच होते. जात श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. ती वाटणी आज वॉर्डात रोज सकाळी ड्युटी लावताना होते.

यावर कोणी म्हणेल, सेवाभाव असेल तर कामात उच्च-नीच कशाला पाहायचे? आम्ही पाहत नाही. महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. रुग्णाची घाण काढण्यात बुद्धाच्या अनुयायाला कमीपणा नाही. पण तिथे पाणी स्वतः तथागतांनी ओतले, हे विसरू नका. दवाखान्यात घाण काढायला नेहमी ठरावीक वस्तीतलीच मावशी बोलावली जात असेल, तर त्याला सेवा म्हणत नाहीत. आणि सेवाभावाच्या नावाने पगार कापणे ही तर सरळ लूट आहे.

आपल्याच समाजातला एक आक्षेपही ऐकू येतो. बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हायला सांगितले आणि तुम्ही मुलींना बेडपॅन उचलायला पाठवता? हे बोलणारे बहुधा स्थिर पगाराचे असतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, तिथे बारावीच्या मुलीला आज कमाई हवी असते. ही नोकरी पायरी आहे. बारावीनंतर दोन वर्षांचे एएनएम, तीन वर्षांचे जीएनएम करता येते, अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनींना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. असिस्टंट म्हणून गेलेली मुलगी सिस्टर होऊ शकते. तिला पायरीवरच सोडून देणे ही आपली चूक ठरेल. पायरीवर पाऊल ठेवण्यात लाज कसली?

नागपूरला हे नवीन नाही. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बायका आल्या होत्या. त्यांनी स्त्री कामगारांसाठी रजा मागितली, दुखापतीची भरपाई मागितली, पेन्शन मागितली. बहुतेकींना सही करता येत नव्हती, पण काय मागायचे ते माहीत होते. आज आपल्या मुलींकडे प्रमाणपत्र आहे, मोबाइल आहे, आणि मुलाखतीत "पगार किती" विचारायला जीभ रेटत नाही. मधल्या काळात आपण काय शिकवले, याचा विचार चळवळीने करावा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार मुलाखतीच्या सरावाला द्या. वस्तीतल्या निवृत्त सिस्टरना बोलवा, एखाद्या वकिलाला बोलवा. एक बीपीचे यंत्र, एक थर्मामीटर, चार रंगांच्या पिशव्या, एवढ्या सामानात वर्ग सुरू होतो. जयंतीच्या डीजेच्या एका तासाच्या पैशात वर्षभराचा वर्ग चालेल. आणि मुलगी मुलाखतीला निघाली की तिला "नीट बोल" एवढेच सांगून पाठवू नका. काय विचारायचे, ते कागदावर लिहून द्या.

जय भीम.