कशावरून २९ फेब्रुवारी?

मराठी शाळेतल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज सकाळी दोन गोष्टी लिहिल्या जातात, सुविचार आणि दिनविशेष. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांमध्ये १६ एप्रिलला काय लिहिलं जातं हे कुणीही सांगेल. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, आणि जवळजवळ प्रत्येक फळ्यावर ती 'भारतातली पहिली रेल्वे' होते. ती पहिली प्रवासी रेल्वे होती. रुडकीला सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या कामासाठी माती ओढणारं वाफेचं इंजिन १८५१ च्या डिसेंबरातच धावलं होतं. फळ्यावर जागा कमी असते म्हणून 'प्रवासी' हा शब्द गळतो, आणि गळलेला शब्द पुढे वर्षानुवर्षं कुणी परत घालत नाही. दिनविशेषाचा खरा दोष इथे आहे. तारीख लिहिली जाते, पाठ होते, स्पर्धा परीक्षेत उपयोगी पडते, पण ती कशावरून ठरली हे विचारण्याची सवय लागत नाही. ही सवय लावायचा सर्वांत सोपा आणि सर्वांत आनंदाचा मार्ग जुन्या चित्रकथांमधल्या गमतीदार तारखांमधून जातो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या तारखांना फळ्यावर जागा मिळावी, आणि त्या ज्या अंकांमध्ये छापल्या गेल्या त्या अंकांना आपल्या ग्रंथालयांमध्ये.

सुपरमॅनचाच वाढदिवस घ्या. त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा, असं त्याच्या प्रकाशकांनी १९७० च्या दशकात सांगायला सुरुवात केली. १९७६ साठी त्यांनी काढलेल्या दिनदर्शिकेत अनेक नायकांचे वाढदिवस छापले होते. त्यातली ही तारीख म्हणजे एका जुन्या अडचणीवरचा मिश्कील तोडगा होता. १९३८ मध्ये ऐन तारुण्यात असलेला माणूस चाळीस वर्षांनीही तसाच कसा दिसतो? तर त्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो म्हणून! १९८८ साली त्याची पन्नाशी साजरी झाली, तेव्हा अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा खास कार्यक्रमही आवर्जून २९ फेब्रुवारीलाच ठेवला गेला. १९३८ च्या उन्हाळ्यापासून त्या दिवसापर्यंतच्या २९ फेब्रुवारी मोजल्या तर त्या तेराच भरतात. पण याच नायकाच्या नावावर आणखी तारखा आहेत. क्लार्क केंट म्हणून त्याचा वाढदिवस १८ जूनला येतो. केंट दांपत्याने त्याला घरात घेतलं तो हा दिवस, असं कथा सांगते. रेडिओवर अनेक वर्षं सुपरमॅनला आवाज देणारे बड कॉलियर यांचा जन्मही १८ जूनचाच, १९०८ चा. आणि ज्या अंकातून तो जगापुढे आला, त्या अंकावर 'जून १९३८' छापलेलं असलं तरी तो विक्रीला आला १८ एप्रिलला. मासिकांवर पुढची तारीख घालायची त्या धंद्यातली रीतच होती. अंक विक्रेत्याकडे जास्त दिवस ताजा दिसावा आणि शिळा झाला की कधी उचलायचा हे त्याला कळावं, हा त्यामागचा हिशेब.

आता सातवीतल्या मुलासमोर हे सगळं ठेवा आणि विचारा, सुपरमॅनचा दिवस कोणता? तो एक तारीख निवडेल, मग दुसरा मुलगा दुसरी निवडेल, आणि दोघांनाही 'कशावरून' सांगावं लागेल. कथेतली तारीख, प्रकाशकाने नंतर ठरवलेली तारीख, अंकावर छापलेली तारीख आणि अंक प्रत्यक्ष हातात पडला ती तारीख या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला वादातूनच उमगेल. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रांसमोर बसून हेच करतो. फरक इतकाच की चित्रकथेच्या बाबतीत कुणाच्या भावना दुखावत नाहीत, कुणाची जयंती धोक्यात येत नाही, म्हणून मूल बिनधास्त शंका काढू शकतं. डोनाल्ड डकचंही असंच आहे. त्याचा अधिकृत वाढदिवस ९ जून, कारण त्याचा पहिला चित्रपट १९३४ मध्ये त्या दिवशी आला. पण १९४९ च्या एका लघुपटात वाढदिवस १३ मार्चचा दाखवला आहे, आणि चित्रकथांमध्ये त्याच्या गाडीचा नंबर आहे ३१३. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिला तर तेही १३ मार्चच. गाडीचा हा नंबर पुरावा धरायचा की योगायोग? यावर वर्गात एक अख्खा तास छान जाईल.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जवळचा नायक मात्र वेताळ. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, पुढे ते मराठीतही आलं, आणि १९९० पर्यंत रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर मिळत राहिलं. ली फॉक यांची वेताळाची चित्रमालिका अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. कथेत पहिला वेताळ चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागतो १७ फेब्रुवारी १५३६ रोजी, म्हणजे बरोब्बर चारशे वर्षं आधी. कथाकाराने जुळवून आणलेली ही गंमत मला फार मोलाची वाटते, कारण तिला जरा ओढलं की आपल्या गावाचा इतिहास हाताला लागतो. १५३६ मध्ये ठाण्यात काय चाललं होतं? दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली होती. ठाणंही त्यांच्या अंमलाखाली गेलं आणि मराठ्यांनी १७३७ मध्ये ते घेईपर्यंत तिथेच राहिलं. म्हणजे कथेतला तो गलबत फुटलेला माणूस आपल्या किनाऱ्यावर वाहून आला असता, तर त्याला इथे पोर्तुगीज भेटले असते.

शिवाय ती चारशे वर्षं 'बरोब्बर' नाहीत. १५३६ मध्ये युरोपात ज्यूलियन दिनदर्शिका चालू होती. ती सूर्यापेक्षा मागे पडली म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. आजच्या हिशेबाने पहिल्या वेताळाचा तो दिवस २७ फेब्रुवारी ठरतो. हा किस नुसती हौस म्हणून काढायचा नाही. पोर्तुगालने नवी दिनदर्शिका लगेच स्वीकारली, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. त्यामुळे सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर एकाच दिवसाला इंग्रज वखारवाले एक तारीख लिहीत आणि पोर्तुगीज दहा दिवस पुढची. रायगडावरच्या राज्याभिषेकाची आपण पाळतो ती ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, इंग्रजी पद्धतीची आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून होतो, आणि शकाच्या हिशेबाने तो १५९६ चा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा दिवस. तारखेने की तिथीने हा वाद ऐकत मोठ्या होणाऱ्या मुलाला मुळात दोन तारखा का असतात, हे कुणीतरी शांतपणे समजावायला हवं. थेट राज्याभिषेकापासून सुरुवात केली तर आवाज चढतात. वेताळापासून सुरुवात केली तर मूल आधी हसतं आणि मग बोटांवर दहा दिवस मोजतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की मुलांच्या डोक्यावर आधीच ओझं आहे, त्यात काल्पनिक माणसांचे वाढदिवस कशाला? आक्षेपातली काळजी खरी आहे. परीक्षेत 'सुपरमॅनचा जन्म केव्हा झाला' असा एका गुणाचा प्रश्न येणार असेल, तर हा सगळा खटाटोप मीही बंद करायला सांगेन. या तारखा पाठ करण्यासाठी नाहीतच, भांडण्यासाठी आहेत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खऱ्या आणि खोट्या तारखा एकाच फळ्यावर आल्या तर मुलांचा गोंधळ होईल. मला उलट वाटतं. वेताळ खरा नाही हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. गोंधळ मोठ्यांचा होतो. रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या दिनविशेषाच्या संदेशात कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कोणता 'जागतिक दिन' हे बिनपुराव्याचं पुढे ढकललं जातं, आणि ढकलणारी माणसं शिकलेली असतात. फळ्यावर तारखेखाली 'कथेतील' एवढा एक शब्द लिहिला की पुरे. तो लिहिताना शिक्षकाला आणि वाचताना मुलाला, बाकीच्या तारखांखाली काय लिहायचं, हा प्रश्न आपोआप पडेल.

तिसरा आक्षेप परक्या नायकांचा. आपल्या तारखा संपल्या का, असं कुणी विचारेल. संपल्या नाहीत, आणि आपल्याकडेही हा खेळ भरपूर आहे. २९ फेब्रुवारीच हवी असेल तर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई त्याच तारखेचे, १८९६ चे. १९०० हे साल लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे जन्मतारीख पहिल्यांदा परत आली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. सुपरमॅनच्या संपादकांनाही इतकी चांगली गंमत सुचली नव्हती! अधिक महिन्यात जन्मलेल्या बाळाचा तिथीने वाढदिवस कधी करायचा, हा प्रश्न तर प्रत्येक घरातल्या आजीला सोडवता येतो. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, पण तोच महिना पुन्हा अधिक होऊन यायला बरीच वर्षं लागू शकतात. डोंबिवलीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली पाडव्याची स्वागतयात्रा दर वर्षी वेगळ्या तारखेला निघते, संक्रांत सूर्यावर चालत असल्यामुळे १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही, आणि लोकलचा पास इंग्रजी तारखेला संपतो. इतक्या दिनदर्शिका एकाच वेळी जगणाऱ्या मुलाला तारखांची गंमत बाहेरून शिकवावी लागत नाही, ती फक्त उघड करून दाखवावी लागते. आणि चित्रकथाही आपल्या आहेतच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मध्ये आला आणि पुढे वर्षानुवर्षं शाळकरीच राहिला. त्याच्या न वाढणाऱ्या वयाचं कोडं सुपरमॅनसारखंच सोडवायला सांगितलं तर मुलं किती तऱ्हेची उत्तरं देतील!

हे सगळं व्हायचं तर पुरावा हाताशी हवा, आणि माझी खरी काळजी तीच आहे. चित्रकथेच्या अंकावरची तारीख, किंमत आणि क्रमांक हे सगळं मुखपृष्ठावर किंवा आतल्या पहिल्या पानावर असतं. वाचून वाचून सर्वांत आधी फाटतं ते मुखपृष्ठ. उरलेले अंक बांधणीला गेले की बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली जातात, म्हणजे कथा राहते आणि तिचा काळ जातो. त्यातूनही जे उरतं ते बालवाङ्मय म्हणून सर्वांत आधी रद्दीत निघतं, कारण कादंबरी किंवा चरित्र निकालात काढताना ग्रंथपालाला दोनदा विचार करावा लागतो, कॉमिक्स काढताना एकदाही नाही. आपल्या भागाला तर जपण्याची मोठी परंपरा आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. दुर्मीळ ग्रंथ सांभाळण्याचं मोल ज्या शहरांना इतक्या आधी कळलं, त्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांचं वाचन सांभाळायला नको का?

जालावर सगळं मिळतं, असं यावर कुणी म्हणेल. काही मिळतं हे खरं. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ पासूनचे 'किशोर'चे जुने अंक सर्वांना खुले केले, हे काम इतकं चांगलं आहे की त्यासाठी त्या संस्थेचे मनापासून आभार मानायला हवेत. पण 'किशोर'मागे एक शासकीय संस्था उभी आहे. बंद पडलेल्या खासगी प्रकाशनांच्या मागे कुणी नाही, आणि हौशी वाचकांनी जमवलेल्या प्रतींमध्ये एखादं पान सुटलं तर मूळ अंकाशी ताडून पाहायची सोय नाही. म्हणून निदान एकेक अंक कागदावर, मुखपृष्ठासकट, तालुक्याच्या ठिकाणी असावा. याला फार खर्च येत नाही. एक कपाट, बांधणी करणाऱ्याला मुखपृष्ठ न काढण्याची सूचना, आणि नोंदवहीत अंकाची छापील तारीख व तो वाचनालयात आला ती तारीख अशा दोन रकान्यांची जागा एवढंच लागतं. ज्यांच्या माळ्यावर इंद्रजालचे गठ्ठे पडून आहेत, ती घरं ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत नक्की असतील, आणि मागितले तर बहुतेक जण देतील. १७ फेब्रुवारी २०३६ ला वेताळाच्या चित्रमालिकेला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या दिवशी रविवार आहे. शाळांना सुट्टी असल्यामुळे मुलांना वाचनालयात बोलावता येईल, आणि तोवर हे गठ्ठे जमवून लावायला ग्रंथपालांच्या हातात पुरेसा वेळ आहे.