यंत्राच्या आडून

ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने जुलै २०२५ मध्ये ग्राहकसेवेतील ४५ जणांना नारळ देण्याचे जाहीर केले. फोनवर बोलणारा बॉट आल्याने आठवड्याला दोन हजार फोन कमी झाले, हे कारण. कर्मचारी संघटनेने साधा सवाल केला : फोन कमी झाले, तर ओव्हरटाइम कशाला देता आणि टीमलीडरना फोन उचलायला का बसवता? प्रकरण तिथल्या कामगार न्यायाधिकरणापर्यंत गेले. ऑगस्टमध्ये बँकेने निर्णय मागे घेतला, चूक मान्य केली, माफीही मागितली. आकडे पडताळण्याआधी माणसे मोकळी करायला बॉटने सांगितले नव्हते.

तिथे यंत्र पुढे केले गेले. इथे ते कारणच नसल्याचे सांगितले जाते. त्याच जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. फटका मुख्यतः मधल्या व वरच्या फळीला. यामागे कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असा खुलासा मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी केला. असेलही. पण महिनाभर आधीच कंपनीने नियम केला होता : वर्षात किमान २२५ दिवस बिल होणारे काम हवे, बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, ३५ दिवसांहून अधिक नको. प्रकल्प मिळणे कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हाती असते थोडेच? सक्तीने राजीनामे घेतल्याचा आरोप पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केला, कंपनीने तो फेटाळला. खरे-खोटे कामगार खात्याने ठरवावे.

मात्र एकूण आयटी क्षेत्रात ‘पेपर टाका’ या दोन शब्दांचा अर्थ हिंजवडीत कुणाला सांगावा लागत नाही. एचआरच्या बंद खोलीत सांगितले जाते, राजीनामा स्वतःहून द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. दप्तरी नोंद होते ‘स्वेच्छेने’. कपात झालीच नाही, मग नोटीस कसली आणि भरपाई कसली?

कायदा याबाबत अडाणी नाही. तंत्र सुधारल्याने कामगार कमी होणार असतील, तर २१ दिवस आधी नोटीस द्या, ही तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण तिचे छत्र कामगारावर, मॅनेजरवर नाही. आणि यावेळी कुऱ्हाड मॅनेजरवरच आहे. त्याला २१ दिवस द्यायचे की २१ मिनिटे, हे सर्वस्वी वरच्या माणसाच्या सचोटीवर अवलंबून.

बँकांत संगणक आले तेव्हा ही गोष्ट अशी एखाद्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटनांनी समोरासमोर बसून यांत्रिकीकरणाचा करार केला. त्यामुळे संगणकीकरण रेंगाळले, ही टीका झाली आणि ती निराधारही नव्हती. तरी काउंटरवरच्या कारकुनाला आपले काय होणार हे निदान आधी कळले. पुढे २००० च्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती आली, तीही पैसे मोजून. आज नफ्यातल्या कंपन्यांना एवढेही जड का वाटावे?

कौशल्याचा मेळ बसत नाही म्हणून प्रशिक्षण द्यायचे, तर ते कामाच्या वेळेत आणि बेंचचे घड्याळ थांबवून द्यावे. रात्री घरी बसून कोर्स संपवा आणि दिवसा प्रकल्प शोधा, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. खरे कारण सांगण्याची सक्ती मात्र सरकारलाच करावी लागेल. न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२५ पासून मोठ्या कपातीच्या सरकारी अर्जात एक चौकट घातली : कपातीमागे स्वयंचलन आहे का? महाराष्ट्राच्या कामगार खात्याने हा रकाना ‘स्वेच्छे’च्या राजीनाम्यांनाही लावावा, आणि त्याखाली सही एचआरची नको, मुख्याधिकाऱ्याची घ्यावी.