टोळंबीच्या तेलाची बाजू

पौषातल्या पहाटे सातपुड्याच्या वरच्या पट्ट्यात, डाब-वालंब्याकडे, गवतावरचं दव गोठतं. नंदुरबारच्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात ही बातमी येतेच. अशाच एका सकाळी मोलगीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी चुलीपाशी शेकत बसलो होतो. घरातल्या आजीने कोनाड्यातून बाटली काढली. आतलं तेल थिजून पिवळट, तुपासारखं झालेलं. तिने बाटली चुलीला टेकवून ठेवली, तेल सुटू दिलं, तळव्यावर घेऊन आधी नातवाच्या उललेल्या पोटऱ्यांना चोळलं आणि मग आपल्या टाचांच्या भेगांत भरलं. ते टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल होतं. मी हात पुढे केला, तशी सून संकोचली. फळीवरची सुवासिक तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ते आमचं गावठी आहे भाऊ, तुम्ही हे लावा."

त्या संकोचाशी माझं भांडण आहे. तो तिच्या मनात आपोआप उगवलेला नाही. गावठी ते कमअस्सल आणि बाटलीबंद ते शुद्ध, ही समजूत आपण शिकल्यासवरल्यांनीच तिथवर पोचवली आहे. म्हणून ती खोडून काढणं हेही आपलंच काम.

टोळंबीच्या तेलावर पहिला आक्षेप असतो तो थिजण्याचा. "जमतं म्हणजे त्यात काहीतरी मिसळलेलं असणार." खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, तेव्हा ही शंका कुणी घेत नाही. मोहाच्या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट होणारी आम्लं मिळून ढोबळमानाने चाळीस टक्क्यांच्या घरात असतात. उरलेल्यात मोठा वाटा ओलेइक आम्लाचा. म्हणून ते उन्हाळ्यात वाहतं आणि थंडीत लोण्यासारखं बसतं. हाच त्याचा उपयोगी गुण आहे. अंगावर त्याचा जाड थर राहतो, कातडीतला ओलावा कोरड्या वाऱ्यात उडून जात नाही आणि भेगा मऊ पडतात. आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं लोणी शहरातल्या दुकानांत भारी किमतीला विकलं जातं. तो शिया आणि आपला मोह एकाच कुळातले. चिकू, खिरणी आणि बकुळही त्याच कुळातली. दूरच्या भावाला आपण पाटावर बसवतो आणि घरच्याला ओटीवर उभा ठेवतो, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप वासाचा. तो मी पुष्कळसा मान्य करतो, पण दोष तेलाच्या माथी मारत नाही. मोहाची फळं पिकून गळतात ती जून-जुलैत, नेमकी पावसाच्या तोंडावर. ओली बी ढिगात राहिली की तिला बुरशी धरते, आतलं तेल फुटून त्यातली आम्लं मोकळी होतात, मग तेल खवट आणि उग्र होतं. तीच बी वेळेवर फोडली, उघडीप मिळताच कडक वाळवली, कोरड्या जागी ठेवली आणि स्वच्छ घाण्यावर गाळली, तर वास पुष्कळच सौम्य राहतो. म्हणजे उणीव आहे ती वाळवायच्या ओट्याची, पत्र्याच्या छपराची, जवळच्या घाण्याची. त्या उणिवेची शिक्षा झाडाला कशासाठी?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार समजला जातो: "कंपनीचं तेल शास्त्रीय असतं." मग शास्त्रानेच तपासू. बाटलीच्या पाठीवर घटकांची यादी असते, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. कितीतरी सुवासिक केशतेलांत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिनचं किंवा मिनरल ऑइलचं असतं. हे खनिज तेलापासून काढलेलं, बिनरंगी, बिनवासाचं द्रव्य. नीट शुद्ध केलेलं असेल तर ते विष नव्हे आणि कातडीवर ओलावा धरून ठेवण्याचं काम तेही करतं. पण पुढच्या बाजूला आवळ्याचं नाहीतर बदामाचं चित्र छापायचं आणि आत मुख्यतः पॅराफिन भरायचं, याला शास्त्र म्हणता येत नाही. केसांपुरतं बोलायचं तर मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्या-विंचरण्याने केसातलं प्रथिन झिजतं. ती झीज खोबरेलाने लक्षणीय कमी झाली, बाकी दोघांनी नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे वाचकाला सांगितलंच पाहिजे. तरीही त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात.

इथवर वाचून नैसर्गिकतेचे कैवारी खूश होतील. माझा वाद त्यांच्याशीही आहे. "निसर्गातलं आहे, म्हणजे अपाय नाही" हे वाक्य सातपुड्यात राहणारा माणूस बोलणार नाही. त्याला बिब्बा ठाऊक असतो. बिब्ब्याचं तेलही झाडाचंच, पण अंगाला लागलं की उततं, फोड येतात. मोहाची पेंड डोहात टाकली की तिच्यातल्या सॅपोनिनने मासे गुंगतात. निसर्ग कुणाची आई नाही आणि वैरीणही नाही. ज्याचा गुण ओळखावा तेच उपयोगी पडतं.

म्हणून चार गोष्टी ठामपणे सांगतो. तेलाने टकलावर केस उगवत नाहीत. असलेला केस तुटायचा वाचतो. कोंड्यावर तेल थापून कोंडा जात नाही. कोंड्याला कारण होणारी टाळूवरची बुरशी तेलकटपणावरच जगते, तेव्हा तो बळावण्याचीच शक्यता. तेलाने कुणी गोरं होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. आणि बाळाच्या नाकात तेल सोडू नये. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही घालू नये. आजीवर माझी श्रद्धा आहे, पण तिच्या मायेची पुण्याई या एका सवयीला पुरत नाही.

पण बाळाच्या कातडीला तेल लावू नये असा याचा अर्थ नाही. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. नाजूक कातडीची भिंत तेलाने सावरली, असा त्याचा अर्थ. उलट २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने मोठ्यांच्या कातडीची तीच भिंत कमकुवत केल्याचं दिसलं. दोन्ही तेलं वनस्पतींचीच, पण घडण वेगळी.

तेव्हा निवड अशी करावी. चेहऱ्याला हलकं तेल, सूर्यफूल किंवा करडई, तेही दोन-चार थेंब, तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच. पुरळ येणाऱ्याने तोंडाला खोबरेल आणि टोळंबी लावू नये. केसांना न्हाण्याआधी खोबरेल. अंगाला तीळ किंवा शेंगदाणा. टाचा, कोपरं, पोटऱ्या आणि हिवाळ्यात उललेले हात टोळंबीच्या हवाली करावेत. नवं तेल कुठलंही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस बघावं. खवट वास आला तर अंगाला लावू नये, दिव्याला वापरावं.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहिलं तो. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यांना दिला. आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाच्या बियाही आहेत. तरी बाई पावसात वाकून टोळंबी वेचते, मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या तराजूत घालते आणि त्याच पैशांतून पॅराफिनची बाटली घेऊन डोंगर चढते. तेल घरचं असताना तिला त्याची लाज वाटावी, यासारखा तोटा दुसरा नाही, कारण तो कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. गावागावांत ओटा, छप्पर आणि घाणा उभा राहिला, तर तेल आणि पेंड दोन्ही तिच्या हाती राहतील आणि उरलेलं ती स्वतः ठरवलेल्या भावाने विकेल.

तापीकाठचा शेतकरी बियाणं घेताना पिशवीवरच्या चित्राला भुलत नाही. दाणे तळहातावर घेऊन बघतो, मगच पैसे मोजतो. बी कोणतं, कुठल्या हंगामाचं, कुणी वाळवलं, कोणत्या घाण्यावर निघालं, एवढं तेलाबद्दलही विचारा. त्या आजीला या चारही प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ होती. फळीवरच्या बाटलीला त्यातल्या एकाचंही देता आलं नसतं.