अनोळखी कोण?

मुलांनो, "अनोळखी माणसाशी बोलू नकोस," असे घरोघरी सांगतात. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण माझ्या मते तो अपुरा आहे.

दरवर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत माहीमच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तेथे मोठी जत्रा असते. समजा, त्या गर्दीत एका मुलीच्या हातून अम्मीचा हात सुटला. आजूबाजूला सगळेच अनोळखी! ती कोणाशीच बोलली नाही, तर घरी कशी पोहोचेल? तिने आहे तेथेच थांबावे. मग पोलीस, दुकानदार किंवा मुले बरोबर असलेली एखादी बाई यांच्याकडे मदत मागावी. अब्बूंचा फोन नंबर तिला तोंडपाठ असावा. अनोळखी लोकांतही भली माणसे पुष्कळ असतात.

उलट, ओळखीचा प्रत्येक माणूस भला असतोच असे नाही. मुलांना त्रास देणारे बहुतेक लोक त्यांच्या ओळखीचेच असतात, हे पोलिसांकडील नोंदींवरून दिसते. म्हणून चेहरा नव्हे, वागणे पाहावे. कोणी खाऊ देऊन एकटे बोलावले, "घरी सांगू नकोस" म्हटले किंवा नकोसा वाटणारा स्पर्श केला, तर "नाही" म्हणावे आणि तेथून निघून जावे. त्या वेळी तोंडातून शब्द फुटला नाही, तरी नंतर विश्वासाच्या मोठ्या माणसाला जरूर सांगावे.

"अब्बूंनी तुला न्यायला पाठवले आहे," असे कोणी म्हणाले तर? घरात आधीच ठरवलेला परवलीचा शब्द विचारावा. तो त्याला सांगता आला नाही, तर त्याच्याबरोबर जाऊ नये.

येथे मोठ्यांनाही एक सांगावेसे वाटते. मुलांच्या अंगी अदब हवीच. पण अदब म्हणजे भीती नव्हे. मूल एखाद्या पाहुण्याजवळ जायला नको म्हणाले, तर त्याला जबरदस्ती करू नये. ते काही सांगू लागले, तर न रागावता ऐकावे. चूक त्रास देणाऱ्याची असते, मुलाची कधीच नसते. २०१२ सालचा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो.

घरी कोणी ऐकले नाही, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. मुलांच्या मदतीची ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. हा फोन रात्रंदिवस व मोफत करता येतो.

भीतीने मूल गप्प बसते. माहिती मिळाली की ते बोलते. आणि जे मूल बोलते, त्याला मदत मिळू शकते.