महासीरचे रक्त आणि आपली जुनी विद्या

धरणे व बेसुमार मासेमारी यांमुळे हिमालयातील सोनेरी महासीर हा मासा संकटग्रस्त झाला आहे. शेपटीच्या शिरेतून थोडेसे रक्त घेतल्यास, मासा न मारताही त्याची प्रकृती कळू शकते. परंतु माशांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते. माणसांसाठी बनविलेले गणकयंत्र त्या केंद्रकांनाच पांढऱ्या पेशी समजून फसते. तेथे न्यूबॉअर चेंबर व सूक्ष्मदर्शक यांवाचून गत्यंतर नाही. आपल्या पिढीतील डॉक्टरांना ही मोजणी अवगत आहे. सुरतेतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तापीच्या माशांवर ती आपण शिकवावी, असे मला आग्रहाने वाटते. महासीरच्या कामीही तीच विद्या लागते. निरोगी माशाच्या रक्ताचे प्रमाण आज नोंदले नाही, तर उद्या आजारी कोणाला म्हणावयाचे?