मुलींचा खेळाचा तास

आठवी-नववीतली मुलगी धावताना दमली की तिला ‘नाजूक’ म्हणून मैदानाबाहेर बसवतात. अनेकदा ती नाजूक नसते. तिच्या अंगात रक्त कमी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांत ३१ टक्के. पाळीत रक्त जाते आणि बांगड्याचा मोठा तुकडा मात्र भावाच्या ताटात पडतो. हिमोग्लोबिन तपासा, १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर उपचार घ्या. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी चुकवू नका. त्रास नसेल तर पाळीतही खेळायला हरकत नाही. दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली. सावंतवाडीतल्या शाळांनीही मुलींना हक्काचा खेळाचा तास आणि मैदानाजवळ पाणी असलेले स्वच्छतागृह द्यावे.