आपल्या डॉलरांचा डांगोरा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या स्टेजवरून पाहुण्यांनी एक आकडा सांगितला. २०२४-२५ या एका वर्षात परदेशातल्या भारतीयांनी मायदेशी पाठवले १३५ अब्ज डॉलर. जगात पहिला नंबर! सभागृहात टाळ्या, मागच्या रांगेतून एक शिट्टी. टाळ्या मीही वाजवल्या. नंतर बटाटेवड्यांच्या रांगेत उभा असताना पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "बघा, देश आपण चालवतो आणि आपल्याला साधं दुहेरी नागरिकत्व द्यायला तयार नाहीत."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी बोललेले असाल. मी तर अनेकदा बोललोय.

आकडा खोटा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदातच तो आहे. १९९०-९१ मध्ये हीच रक्कम जेमतेम दोन अब्ज डॉलर होती, म्हणजे साठपटीहून अधिक वाढ झाली. पण त्याच काळात भारताची अर्थव्यवस्थाही वाढली, हे स्टेजवरून कुणी सांगत नाही. जीडीपीच्या हिशेबात पाहिलं तर नव्वदच्या दशकात हा पैसा एका टक्क्याच्या आतून तीन टक्क्यांकडे सरकला, आणि गेली वीस वर्षं तो तीन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. कधी थोडा वर, कधी थोडा खाली. ज्या आलेखाला आपण टाळ्या देतो तो अशा पट्टीने मोजला की जवळपास आडवा पडतो. तीन टक्के ही लहान गोष्ट नाही. पण तीन टक्क्यांवर देश चालत नाही.

आता त्याच ताळेबंदातली दुसरी ओळ पाहू. तिचं नाव प्राथमिक उत्पन्न. परदेशी कंपन्यांनी भारतात कमावलेला नफा, भारताने घेतलेल्या परकीय कर्जावरचं व्याज, असं सगळं त्यात येतं. भारताला बाहेरून मिळणारं असंच उत्पन्न त्यातून वजा होतं. ही ओळ कायम तुटीत असते. २०१०-११ मध्ये ही तूट वीस अब्जांच्या आत होती. २०२३-२४ मध्ये ती पन्नास अब्जांवर येऊन टेकली. त्याच तेरा वर्षांत आपण पाठवलेला पैसा दुपटीहून थोडा जास्त झाला, तर ही तूट अडीचपटीहून जास्त. म्हणजे आपल्या डॉलरांची आवक जितक्या वेगाने वाढली, त्याहून जास्त वेगाने दुसऱ्या दाराने उत्पन्न बाहेर जाणं वाढलं. हा काही चोरीचा मामला नाही. परदेशी भांडवलाने कारखाने उभे राहिले, नोकऱ्या मिळाल्या, त्याचं भाडं द्यावंच लागतं. पण जमा सांगायची आणि खर्च झाकायचा, असा हिशेब मंडळाच्या खजिनदाराने मांडला तर आपण त्याला सर्वसाधारण सभेत फाडून खातो.

त्या बाहेर जाणाऱ्या पैशात कोण बसलंय? मी बसलोय. बहुधा तुम्हीही.

मार्च २०२५ अखेर अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँकांमधल्या ठेवी १६० अब्ज डॉलरांच्या वर होत्या. आपल्या लेखी ही 'देशात गुंतवलेली रक्कम', पण भारताच्या लेखी ते परकीय कर्ज आहे आणि त्यावर दिलेलं व्याज त्या तुटीच्या ओळीत पडतं. शिवाय एनआरई खात्यातल्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. खरी गंमत याच्या पुढे आहे. अनिवासी ठेवीतून रुपये काढून भारतातच खर्च केले की ती रक्कम 'परदेशातून आलेले खासगी हस्तांतर' म्हणून नोंदली जाते. म्हणजे भारताने मला व्याज दिलं, ते मी पुण्याच्या सुट्टीत लक्ष्मी रोडवर उडवलं, की तेच माझ्या नावावर मायदेशाची सेवा म्हणून जमा! त्या १३५ अब्जांत असाही पैसा आहे.

बाणेरचा माझा फ्लॅट अशाच खात्यातून घेतलेला. २०११ पासून बहुतेक वर्षं तो बंद आहे. माझा चुलतभाऊ त्याच शहरात शाळेत शिक्षक आहे, आणि तिथे घर घेणं त्याला कधीच जमलं नाही. जमलं नाही याचं एक कारण माझ्यासारखे लोक. सरकारदरबारी मात्र मी देशाला हातभार लावला.

मग खरा हातभार कुणाचा? रिझर्व्ह बँकेच्या २०१६-१७ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक पैसा आखाती देशांतून येत होता, आणि एकूण रकमेतली ५९ टक्के घरखर्चासाठी होती. २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिका २७.७ टक्क्यांवर, पहिल्या क्रमांकाला. संयुक्त अरब अमिराती १९.२ टक्क्यांवर. यावर आपल्या व्हॉट्सॲप गटांत पेढे वाटले गेले. (राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, म्हणूनही वाटले. पण १६.७ टक्क्यांवरून ३५.२ आणि तिथून पुन्हा २०.५ अशी उडी सात वर्षांत घेणाऱ्या आकड्यावर मी तरी ढोल बडवणार नाही.) डॉलर जास्त आले हे खरं, पण डॉलराला डॉलर सारखा नसतो. शारजाच्या लेबर कॅम्पमधून महिन्याला येणारे वीस हजार रुपये थांबले, तर एका घरातली चूल, शाळेची फी आणि म्हातारीची औषधं थांबतात. माझे पैसे थांबले तर बाणेरच्या सोसायटीचा मेंटेनन्स थकेल.

मी दुबईत चार वर्षं काढून मग न्यू जर्सीला आलो. दोन्हीकडचे लोक पाहिलेत म्हणून हे बोलतोय.

अडचणीच्या काळात कोणता पैसा कसा वागतो, तेही पाहा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि लाखाहून अधिक भारतीयांना तिथून परत आणावं लागलं. ते आले तेव्हा त्यांची कमाईच संपलेली होती. आपल्यासारख्यांच्या ठेवींची गोष्ट वेगळी. देशाची पत घसरतेय असं दिसताच त्या बाहेर निघाल्या, आणि नेमक्या गरजेच्या महिन्यांत निघाल्या. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं मुंबईच्या तिजोरीतून काढून परदेशात गहाण टाकावं लागलं. कारणं अनेक होती, तेलाचा भाव होता, वर्षानुवर्षांची तूट होती. पण त्या यादीत आपणही आहोत. पुढे १९९८ मध्ये अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा 'रिसर्जंट इंडिया बाँड' काढून सरकारने आपल्याकडून ४.२ अब्ज डॉलर उभे केले. याची आठवण आजही अभिमानाने निघते. डॉलरवर ७.७५ टक्के व्याज होतं, अमेरिकी सरकारी रोख्यांपेक्षा बरंच जास्त. व्याज घेणं पाप नाही. पण व्याजाने दिलेल्या उसन्याला वर्गणी म्हणू नये.

आणि कोविडचं वर्ष? एप्रिल २०२० मध्ये जागतिक बँकेचा अंदाज होता की भारतात येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात तो जवळपास तेवढाच राहिला. घरचे अडचणीत आहेत म्हटल्यावर कमावता माणूस स्वतःचं पोट मारून पाठवतो. त्यात तुमच्या-माझ्यातलेही काही होते, नाही म्हणत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट तर ताजीच आहे. अमेरिकेतून बाहेर पाठवायच्या पैशांवर पाच टक्के कर येणार अशी बातमी आली. आमच्या गटांत वणवा पेटला. सह्यांच्या मोहिमा झाल्या, खासदाराला फोन झाले. मग कर साडेतीनवर आला, शेवटी एकावर, आणि तोही फक्त रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा तसल्याच कागदी साधनांनी पाठवणाऱ्यांवर. बँक खात्यातून पाठवणारे सुटले. त्या दिवशी आमच्या गटात अंगठे उमटले आणि विषय संपला. १ जानेवारी २०२६ पासून तो कर लागू आहे. हॉटेलच्या मागच्या किचनमध्ये भांडी घासणारा, रात्री पेट्रोल पंपावर उभा राहणारा, पगार रोखीत घेणारा माणूस तो भरतोय. त्याच्यासाठी एक तरी सही झालेली तुम्ही पाहिलीत?

बाहेरून येणाऱ्या पैशावर प्रदेश जगवला की काय होतं, हे आपल्याला कुणी परक्याने सांगायला नको. कोकणाने ते पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. माझे आजोबा राजापूर तालुक्यातून गिरणगावात गेले. दर महिन्याला पोस्टमन यायचा, आजी अंगठा उठवायची आणि कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनकडूनच वाचून घ्यायची. घरावर कौलं आली, आत्याचं लग्न झालं. पण गावात काही उभं राहिलं नाही. शिकलेला, धडधाकट प्रत्येक जण पुढच्या एसटीने मुंबईला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा त्या मनीऑर्डरींवर बेतलेला सगळा डोलारा हलला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. सिंधुदुर्गाचीही. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. पुरुष कुठे गेले हे विचारायलाच नको.

देशाच्या पातळीवर तेच चाललंय. २०२४-२५ मध्ये भारताची वस्तूव्यापारातली तूट २८० अब्ज डॉलरांच्या वर होती. तिच्यातला जवळपास निम्मा खड्डा बाहेर गेलेली माणसं भरतात. म्हणून कुठल्याच सरकारला घाई नाही, ना या ना आधीच्या. माणूस बाहेर पाठवणं कारखाना उभारण्यापेक्षा सोपं आहे. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा या आळसालाच वाजवतो.

शिवाय हा झरा आटणाराही आहे. माझी मुलगी एडिसनमध्ये जन्मली. ती भारतात कुणाला पैसे पाठवणार? आजी गेली की पाठवायला पत्ताच उरणार नाही. उलट दिशेची वाट मात्र रुंद होतेय. २०२३-२४ मध्ये भारतातल्या लोकांनी उदारीकृत योजनेखाली ३१ अब्जांहून अधिक डॉलर बाहेर पाठवले. त्यात साडेतीन अब्जांच्या आसपास मुलांच्या परदेशी शिक्षणाचे होते. आमच्या मंडळात दर वर्षी पंधरावीस नवी पोरं येतात आणि पुरणपोळी बांधून नेतात. कुणाच्या वडिलांनी पीएफ मोडलाय, कुणी शेत विकलंय. त्यांच्या देखत 'देश आपण चालवतो' म्हणायला जीभ कशी रेटते?

मागणं मोठं नाही. आकडा सांगायचा तर दोन्ही ओळी सांगा. एक टक्क्याच्या त्या कराविरुद्ध पुन्हा फोन उचला, आता तो आपल्याला लागत नसला तरी. पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणायचं जगातल्या सरकारांनी कबूल केलंय, त्याचं काय झालं ते इथल्या आणि तिथल्या प्रतिनिधींना विचारा. आणि दुहेरी नागरिकत्व हवं असेल तर हक्क म्हणून मागा, पावती दाखवून नको.

बाणेरच्या फ्लॅटची किल्ली मी मागच्या महिन्यात चुलतभावाकडे कुरिअर केली. म्हटलं, दादा, राहायला ये, भाड्याचं नंतर बघू. त्याचा फोन आला. "किल्ली पोचली. पण आधी भाडं सांग, मग सामान हलवतो." मी अजून आकडा सांगितलेला नाही.